गीझर तोच, घर बदललं

लीड्स, डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस की सकाळी डोकं जड होतं, मळमळतं आणि अकरा-बारापर्यंत आपोआप बरं वाटतं. पित्त असणार, असं तूच ठरवूनही टाकलंस. त्याच फोनवर मागून बाबा सांगत होते की गीझरची ज्योत हल्ली पिवळी दिसते आणि मध्येच विझते. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत, म्हणून हे पत्र. फोनवर बाबा "बरं बरं, बघतो" म्हणतात आणि विषय सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटवर जातो.

गीझर बसवला तेव्हा आपली ड्राय बाल्कनी उघडी होती. मग कबुतरांसाठी जाळी आली, पाऊस आत येतो म्हणून स्लायडिंग आली, आणि पुण्याची थंडी सुरू झाली की तिच्या काचा घट्ट बंद. त्या गीझरला धूर बाहेर नेणारी नळी नाही. जळलेला वायू वरच्या फटींतून तिथेच सुटतो. बाल्कनी उघडी होती तोवर तो वाऱ्यावर जात होता. शिवाय त्या फटींवर बाबांचा पंचा वाळत असतो, तो आधी काढा.

आता हिशेब सांगते, बाबांना आवडेल. सिलिंडरमधला एक किलो गॅस नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. असा गीझर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. म्हणजे दहा मिनिटांत सुमारे दोन घनमीटर हवा गेली, आणि आपली ड्राय बाल्कनी सगळी मिळून पाच-सहा घनमीटरची. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, आणि गॅस जळला की तो वासही जळून जातो. त्यामुळे "वास तर येत नाही" यावर विसंबू नका.

पण अंघोळ बाबा करतात आणि डोकं आईचं का दुखतं? मला वाटतं, ओट्यावरच्या चिमणीमुळे. ती घरातली हवा पाइपानं बाहेर फेकते. खिडक्या बंद असल्या की तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे बाल्कनीचं उघडं दार. बाबा अंघोळीला गेले की तू नाश्त्याला लागतेस, चिमणी लावतेस, आणि गीझरचा वायू सरळ तुझ्याकडे येतो.

इथे माझ्या भाड्याच्या घरात बॉयलर स्वयंपाकघरातच आहे, पण तो खोलीतली हवा वापरत नाही. भिंतीतून एकात एक अशा दोन नळ्या बाहेर गेल्यात. आतल्या नळीतून जळलेला वायू बाहेर जातो आणि तिच्या भोवतीच्या पोकळीतून ताजी हवा आत येते. बिघाड त्यातही होतात. सांधा सैल झाला की जळलेला वायू हवेच्या वाटेत मिसळतो, किंवा बाहेरच्या तोंडासमोर कुणीतरी शेड उभी करतं. मग बॉयलर स्वतःच बंद पडतो आणि लोक रिसेटचं बटण दाबत बसतात. बाबा, ज्योत विझली की तुम्ही नळ बंद करून पुन्हा सोडता ना, तो प्रकार हाच. सेल बदलून बघायला हरकत नाही, पण पिवळ्या ज्योतीवर सेल हा इलाज नव्हे. इथे घरमालकाला दरवर्षी नोंदणीकृत माणसाकडून तपासणी करून घ्यावीच लागते, आणि 1 ऑक्टोबर 2022 पासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा आहे.

तेव्हा आजपासून गीझर बंद, त्याच्या सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद. पाणी ओट्यावरच्या शेगडीवर पातेल्यात तापवा, खिडकी उघडी ठेवून. कंपनीचा माणूस बोलावून बर्नर आणि आतल्या तांब्याच्या पट्ट्या साफ करून घ्या. आपल्या नेहमीच्या नळवाल्याकडून नको. पण नुसतं साफ करून भागणार नाही, काचा बंदच राहणार असतील तर तो गीझर तिथे नकोच.

आणि कधी दोघांनाही एकदम गरगरलं, तर आधी घराबाहेर जिन्यात या, मग 108 ला फोन. बाहेर पडताना हाताशी असेल तर गॅस बंद करा, नसेल तर राहू दे. डॉक्टरांना "घरात गॅस गीझर आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. कोविडात घेतलेलं ऑक्सिमीटर लावून समाधान मानू नका. मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, ते खुशाल 98 दाखवेल. रक्ताची कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे रक्ताला किती मोनॉक्साइड चिकटलाय त्याची, तपासणी लागते, तीही लगेच. मोकळ्या हवेत चार-पाच तासांत निम्मा वायू शरीराबाहेर जातो. आई, तुला अकरा-बाराला बरं वाटतं ते बहुधा यामुळेच, सोड्यामुळे नव्हे. गळतीचा वास आला तर मात्र प्रकरण वेगळं. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि बाहेर येऊन गॅसगळतीच्या 1906 नंबरला फोन.

आणखी एक. बाथरूमची कडी लावत जाऊ नका, दार नुसतं लोटून घ्या. आई, घरात तुम्ही दोघंच आहात, लाज कुणाची?

मावशी महिनाअखेर पुण्याला येते आहे, तिच्याबरोबर दोन अलार्म पाठवते. एक स्वयंपाकघरात, एक बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये लावा. बाथरूममध्ये नको, वाफेनं बिघडतो. विजेच्या गीझरचे पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको. तेवढं बाथरूमला सोळा अँपियरचा पॉइंट आणि अर्थिंग आहे का, हे वायरमनला विचारून कळवा.

तुमची,
मनी