विषय : ‘तो बरा झाला की कळवा’ म्हणणारी तुमची ग्राहक सेवा आणि माझे ६,५०० रुपये

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

अकरा मिनिटं तुमची बासरीची धून ऐकून आणि त्यानंतर जे ऐकायला मिळालं ते ऐकून आत्ताच फोन ठेवलाय. डोकं थंड झाल्यावर लिही असं घरचे म्हणतात. थंड होईलसं वाटत नाही.

विशेष बालक कार्ड म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. विकतं तुमचंच हॉस्पिटल. ‘गर्दी नसलेली वेळ, ताटकळणं नाही’ हेही तुम्हीच छापलंय. शनिवारी मुलाचं रक्त तपासायचं होतं. तो सात वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलत नाही. गुरुवारीच फोन करून सांगितलं होतं, की टोकनच्या घंटीनं तो कान दाबून ओरडतो, न सांगता हात धरला की बिथरतो. उत्तर आलं, “फाईलवर नोंद केलीय मॅडम.”

सव्वानऊची वेळ होती. बधिर करणारी क्रीम तासभर आधी लावायची असते, म्हणून सव्वाआठला लावून, वर पट्टी चिकटवून ऐरोलीहून निघालो. काउंटरवर कळलं, नोंद वगैरे काही नाही. मग घंटी, टीव्ही, घंटी. दहा वाजता त्यानं पट्टी उपटून फेकली. “बाकीच्या पेशंटना त्रास होतोय, याला पार्किंगमध्ये फिरवा, नंबर आला की फोन करतो,” असं सांगून आम्हाला बाहेर काढलं. फोन आलाच नाही, नंबर मात्र येऊन गेला. शेवटी आत गेलो तर दोन वॉर्डबॉयनी काही न बोलता त्याचे दंड धरले. मी त्याला उचललं आणि घरी आणलं. तेव्हापासून तो अंघोळीलाही दंडाला हात लावू देत नाही.

आता आजचा फोन. शब्द न् शब्द लिहिते, कारण तुमचे कॉल रेकॉर्ड होतात म्हणे, जुळवून बघा.

“पेशंटशी बोलू शकते का?”
“तो बोलत नाही.”
“अच्छा, झोपलाय का?”
“झोपला नाही. त्याला बोलता येत नाही. ऑटिझम आहे. फाईलवर आहे ना?”
“ओके मॅडम. मग तो बरा झाला की कळवा, आम्ही अपॉइंटमेंट फ्री रीशेड्यूल करून देऊ.”

मी गप्प. तिकडून, “आणखी काही मदत करू शकते का?”

त्या मुलीवर माझा राग नाही. ऑटिझम म्हणजे ताप नव्हे, एवढं तिला कोणी शिकवलं नाही, त्यात तिची काय चूक? २ एप्रिलला, ऑटिझम जागरूकता दिनी, इमारतीवर निळे दिवे लावायला माणसं मिळतात, स्टाफला तासभर बसवून शिकवायला मिळत नाहीत. आणि फोन ठेवतेय तोच तुमचा मेसेज : समाधान १ ते ५ मध्ये कळवा, ‘कृपया रुग्णाने स्वतः भरावे’. शून्याचं बटण नव्हतं.

नोंद केलीय म्हणालात आणि केली नव्हती, हे पुन्हा लिहितेय, कारण बाकी सगळं तिथूनच सुरू झालं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये कलम २५ आहे, उपचारात प्राधान्य देण्याबद्दल. तुमच्या कायदेशीर विभागाला वाचायला द्या. कार्डचे पूर्ण ६,५०० रुपये पंधरा दिवसांत परत हवेत, नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग ठाण्याचा ग्राहक आयोग. थेरपी सेंटरच्या आमच्या ग्रुपवर सत्तरेक आया आहेत, त्यांना तर हे पत्र आजच जातंय.

वाईट याचं वाटतं, की त्याची मोठी बहीण तुमच्याच हॉस्पिटलात जन्मली. तेव्हा नर्सबाई रात्री दोनदा येऊन विचारपूस करून जायच्या. त्या भरवशावर हे कार्ड घेतलं होतं.

उत्तर ईमेलवर द्या. फोन करू नका, आणि केलातच तर पेशंटला मागू नका. रक्त अजून काढायचंच आहे, ते कुठे काढायचं हे आमचं आम्ही बघू.

कार्डधारकाची आई
ऐरोली, नवी मुंबई