मनूस, गाडी सुटल्यावर

सोलापूर, रविवार रात्र

प्रिय मनू,

गाडी हलली तेव्हा तू हात केलास तो आईकडे बघून. माझ्याकडे बघितलंच नाहीस. बरोबर आहे, फलाटावर चार लोकांत मी पुन्हा तुझ्या फिजिशियन असोसिएटच्या कोर्सचं, डॉक्टरांच्या हाताखाली काम करायच्या त्या शिक्षणाचं, काढायला नको होतं. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

विद्यापीठ छोटं आहे याचं मला काही नाही. तीस जणांचा वर्ग असेल तर सर तुला नावानं ओळखतील. माझी भीती डिग्रीच्या त्या कागदाची आहे. तू म्हणालीस, डॉक्टर-नर्स सोडून आरोग्याच्या इतर कामांसाठी २०२१ चा कायदा आहे, त्याच्या यादीत फिजिशियन असोसिएट आहे. मी पाहिलं, आहे. पण यादीत नाव असणं वेगळं आणि या कॉलेजला मंजुरी असणं वेगळं. अण्णानं दोन वर्षं लॅबचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं, आणि नोकरीच्या वेळी समोरच्यानं तो कागद टेबलावरून परत सरकवला. आजीनं ती फ्रेम शेवटपर्यंत भिंतीवरून काढू दिली नाही.

उद्या गेलीस की मंजुरीचं पत्र बघायला माग. हॉस्पिटल त्यांचं स्वतःचं आहे का, की प्रॅक्टिकलला दुसरीकडे पाठवतात? वॉर्डात खाटा किती आणि त्यावर पेशंट किती? ऑपरेशन थिएटरमध्ये मुलांना कितव्या वर्षी घेतात? चौथं वर्ष इंटर्नशिपचं, त्यात स्टायपेंड देतात का? आणि हे ऑफिसातल्या माणसाला विचारू नकोस, शेवटच्या वर्षाच्या दोन मुली गाठ, त्या खरं सांगतील.

झालं बघ सुरू माझं. रागावू नकोस.

खरं तर तुला हे का करायचंय ते मला कळतं. आजीच्या बायपासनंतर तिसऱ्या रात्री तो मुलगा आला होता. टाके बघितले, नळी बघितली, आणि आजीला काही कळत नाहीये म्हटल्यावर गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे पेनानं हृदय काढलं. पायातली शीर कुठून घेतली, कुठे जोडली, सगळं बाण काढून. आजी त्याला डॉक्टरसाहेब म्हणाली तर म्हणाला, "मी डॉक्टर नाही आजी, फिजिशियन असिस्टंट आहे." असोसिएटचंच ते दुसरं नाव. तू दहावीत होतीस, पलंगाच्या कठड्याला धरून उभी. ते पाकीट अजून कपाटात आहे, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये. मद्रासला १९९२ साली हृदयाचे सर्जन डॉ. चेरियन यांनी हा कोर्स सुरू केला तोही हृदयाच्या ऑपरेशनांच्याच कामासाठी, हे तू सांगितलंस तेव्हा मला पहिला तोच मुलगा आठवला.

काल कारखान्यात मागांवरचा जॉबर म्हणाला, "म्हणजे कंपाउंडर का?" मी टॉवेलचा हिशेब बाजूला ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. १९६५ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात नौदलातून आलेल्या चौघांपासून हे सुरू झालं, पेशंटची हिस्ट्री घेतात, तपासतात, ऑपरेशनला सर्जनच्या शेजारी उभे राहतात. माग बंद झाले तरी मी बोलतच होतो. मग त्यानं विचारलं, "पण स्वतःचा दवाखाना टाकता येईल का?" मी म्हणालो, नाही, डॉक्टरांच्या हाताखालीच. तेवढं बोलून मी गप्प झालो. नंतर रात्रभर तेच डोक्यात. तुझ्यापेक्षा वयानं लहान डॉक्टर तुला ओरडेल, आणि तू ऐकून घेशील? तू माझं तरी कुठे ऐकून घेतेस.

हे खोडणार होतो, पण राहू दे.

फीची चिंता करू नकोस, पहिला हप्ता जमवलाय. आईच्या पाटल्यांना हात लावलेला नाही, तिनं काही सांगितलं तरी विश्वास ठेवू नकोस. डब्यात शेंगाचटणी आहे, ओला चमचा घालू नकोस. कडक भाकरी वर्तमानपत्रातून काढून डब्यात ठेव, तिकडे दमट हवा आहे, मऊ पडतील.

तुला कॉलेज आवडलं तर तिथंच घे. मी नाही म्हणणार नाही.

मंजुरीच्या पत्राचा फोटो तेवढा पाठव. तारीख आणि शिक्का नीट दिसेल असा.

तुझे बाबा