चौथ्या प्रवाशाचे भाडे

महोदय,

स्वस्त विमान तिकीट हवे असेल तर मंगळवारी शोधा, मध्यरात्री शोधा, ब्राउझरचा इतिहास पुसून शोधा, असे सल्ले येता-जाता मिळत असतात. पण ज्या गोष्टीने खिशाला खरोखर फरक पडतो, ती फारशी कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

अलीकडेच घरच्या चौघांची तिकिटे शोधताना माणशी भाडे पाहून मी प्रवासाचा बेतच सोडण्याच्या विचारात होते. सहज म्हणून प्रवासीसंख्या चारावरून एकावर आणली, तर त्याच विमानाचे भाडे जवळजवळ एक-चतुर्थांशाने उतरले. दोघांना, तिघांनाही तेच भाडे दिसले; चौथा प्रवासी जोडताच मात्र चौघांचेही वाढले.

याचे कारण असे की, इकॉनॉमीतील आसने दिसायला सारखी असली तरी कंपन्या ती इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अनेक भाडेगटांत विकतात आणि कोणत्या गटात किती आसने ठेवायची, हे मागणी पाहून सतत बदलतात. अमेरिकेत 1978 साली भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाल्यानंतर ही पद्धत फोफावली आणि पुढे जगभर पसरली. स्वस्त गटात तीनच आसने उरली असतील आणि आपण चार मागितली, तर आरक्षण यंत्रणा बहुधा सगळ्यांनाच वरच्या गटाचे भाडे लावते.

मी तिघांचे एक आणि माझे एक, अशी दोन आरक्षणे केली. यात जोखीम नाही असे नाही. पीएनआर वेगळे असल्याने विमान रद्द झाल्यास सर्वांना एकाच पर्यायी विमानात जागा मिळेल याची खात्री नसते आणि लहान मुलाचे तिकीट तर असे तोडूच नये.

पण ही तोडजोड प्रवाशानेच का करावी? युरोपीय संघाच्या 2008 च्या नियमानुसार विमानभाडे दाखवताना कर आणि अटळ शुल्क धरूनच अंतिम रक्कम सांगावी लागते. त्याच न्यायाने, तीन आसने स्वस्त भाड्यात उपलब्ध आहेत हे यंत्रणेला ठाऊक असताना, ‘तिघांना हे भाडे, चौथ्याला ते’ अशी एक ओळ पडद्यावर दाखवणे आणि चौघांचे आरक्षण एकत्रच ठेवणे कंपन्यांना बंधनकारक करावे.

– एक वाचक