चंदेरी बाजू कोणत्या दिशेला?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उष्णता अडवण्यासाठी छताखाली लावायच्या चकचकीत फॉइलवरचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. ‘चंदेरी बाजू नेहमी खोलीकडेच ठेवावी’ हा त्यातला सरसकट सल्ला वाचून खेद झाला आणि रागही आला. हा नियम थंड देशांचा आहे. तिथे हिवाळ्यात बाष्प उबदार खोलीतून बाहेर जाऊ पाहते, म्हणून ते अडवणारा थर, म्हणजे फॉइल, आतल्या बाजूला लावतात. कोकणातल्या पावसाळ्यात, एसी चालू असलेल्या खोलीत, दमट हवा बाहेर असते आणि गारवा आत.

रत्नागिरीच्या आमच्या घरात पत्र्याखालच्या खोलीला कंत्राटदाराने नेमके असेच काम करून दिले होते: वर ग्लासवूल (काचतंतूंचा उष्णतारोधक थर), त्याखाली टेपने सांधे बंद केलेले फॉइल आणि सर्वांत खाली जिप्सम बोर्ड. जुलैत बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, २६ अंशांच्या आसपास येतो, आणि आमचा एसी २३ वर होता. पत्र्याच्या फटींतून शिरलेली हवा ग्लासवूलमधून उतरून फॉइलच्या गार पाठीवर पाणी धरत राहिली. पत्रा गळतो आहे असे समजून आम्ही दोनदा स्क्रू आणि वॉशर बदलले. अखेर गणपतीच्या आधी बोर्ड उतरवला तेव्हा ग्लासवूल पिळता येईल इतके भिजलेले होते, बोर्डाच्या पाठीवर काळी बुरशी पसरली होती, आणि त्याच बोर्डाखाली दम्याची रुग्ण असलेली माझी आई दोन महिने झोपत होती.

आता फॉइल पत्र्याच्या बाजूला, मध्ये इंचभर मोकळी हवा सोडून बसवले आहे. ही पोकळी महत्त्वाची आहे, कारण फॉइल पत्र्याला चिकटले तर उष्णता थेट स्पर्शाने खाली उतरते आणि चकाकीचा काही उपयोग होत नाही. लेखात पोकळीचा उल्लेखच नाही.

विजेचाही नाही. ऑस्ट्रेलियात २००९-१० साली छतात फॉइल ठोकताना धातूच्या पिना वायरमध्ये घुसून तरुण कामगार दगावले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये घरांच्या छतांना उष्णतारोधक थर लावण्याच्या सरकारी योजनेतून फॉइल थांबवावे लागले. फॉइल वीजवाहक असते आणि काम सुरू करण्याआधी मेन स्विच बंद करावा, एवढी दोन वाक्ये तरी हवी होती.

आमच्याकडे छपराची कामे मे महिन्यात उरकतात. कृपया त्याआधी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी