खांदा

प्रिय बंड्या,

दोन वर्षं पत्र नाही, रागावला असशील. शुगर आटोक्यात आहे, हिचे गुडघे तसेच.

शनिवारी मॅच संपल्यावर आमच्या पोराला गाडीत सीटबेल्ट ओढता येईना. चौदा वर्षांचा आहे, इथे बॉस्टनला शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे आपल्याकडचा बॉलर. कोच म्हणाले, बर्फ लाव, पुढच्या शनिवारी टाकशील. तोही लगेच ‘टाकतो’ म्हणाला. बंड्या, अगदी तुझ्यासारखा म्हणाला रे.

रात्रभर झोप नाही. इथल्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा जुना पिचर ‘स्मोकी’ जो वुड डोक्यात फिरत होता. 1912 साली, त्यांचं मैदान फेनवे पार्क नवंकोरं असताना, बावीस वर्षांच्या या पोरानं 34 सामने जिंकले, हरला फक्त 5. सप्टेंबरात वॉल्टर जॉन्सन या नामांकित पिचरसमोर उभा राहिला आणि 1-0 ने जिंकला. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या फायनलमध्ये, आणखी तीन. पुढच्याच वसंतात ओल्या गवतावर घसरला, अंगठा मोडला. त्यानंतर दुखल्याशिवाय बॉल टाकता आलाच नाही. घाईनं परत उतरलो म्हणून झालं की त्याच वेळी खांद्यालाही काही झालं होतं, हे म्हातारपणीही त्याला नक्की सांगता येईना. 1915 ला तशा हातानं 15 सामने जिंकला, आणि 1916 चा अख्खा सीझन घरी. पुढे क्लीव्हलँडच्या संघात गेला आणि तिथे बॉल सोडून बॅट धरली. आउटफिल्डर, म्हणजे लांबचा फिल्डर, म्हणून 1922 पर्यंत खेळला, 1921 ला तर बॅटिंगची सरासरी .366, बेसबॉलमध्ये ही भारीच. लोक याला जिद्द म्हणतात. मला मात्र तो ओला गवताचा तुकडाच दिसतो.

आणि आपली फायनल. सदानं तो एलबीडब्ल्यू दिला असता तर तुला पुन्हा आणायची वेळच आली नसती, हे माझं म्हणणं अजून कायम आहे! पण चहाला तू कप डाव्या हातात धरला होतास. मी पाहिलं होतं. पाहूनही बॉल तुझ्याकडेच दिला. हे तुला कधी बोललो नाही.

सुमीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. नव्या घराचे फोटो पाठव.

या शनिवारी पोराला मी खेळू देणार नाही. तो माझ्याशी बोलत नाहीये. तू त्याला फोन कर. तुझा उजवा हात आता कुठवर वर जातो, तेवढंच सांग.

तुझा,
अव्या