फॉर्मवर उदासीचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनानिमित्त आमच्या भागात ज्येष्ठांसाठी तपासणी शिबिर झालं. बीपी, साखर, डोळे, सगळं पाहिलं. फॉर्मवर एक प्रश्न होता : 'घराण्यात कुणाला स्मृतिभ्रंश?' मी 'आई' लिहिलं आणि पुढचा प्रश्न शोधत राहिले. तो नव्हताच.

वडील मार्चमध्ये गेले. तोवर आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या दुधाचा हिशेब लिहायची. गवळी आला नाही की त्या तारखेवर 'खाडा'. दिवाळीला मी माहेरी गेले, तर भिंतीवर मार्चचंच पान. हिशेब वडील गेले त्या तारखेला थांबलेला. आई पहाटे तीनला उठून बसायची, जेवण अर्ध्या पोळीवर आलं होतं, शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या थांबल्या होत्या (त्याचा राग मला आजही आहे). आम्ही म्हणालो, दुःख आहे, ओसरेल. डॉक्टरांनी 'वय झालं' म्हणून टॉनिक दिलं. अशी चार वर्षं गेली. मग ती मला तिच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागली.

आता धाकटा भाऊ म्हणतो, आपणही जनुकांची तपासणी करून घेऊ. भीती मलाही वाटते. पण एपीओई-ई४ हे जनुक एका पालकाकडून आलं तर अल्झायमरचा धोका साधारण दोन-तीन पट होतो, आजार ठरलेला नसतो. ते असलेले कित्येक जण शेवटपर्यंत शाबूत राहतात आणि नसलेल्यांनाही आजार होतो. शिवाय जनुक काही बदलता येत नाही.

उदासीवर मात्र औषध आहे, समुपदेशन आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यांत नैराश्य आहे, कमी ऐकू येणं आहे, एकटेपणही आहे. आईवर वेळेत उपचार झाले असते तर तिचा आजार टळलाच असता, असा माझा दावा नाही. उतारवयातली उदासी कधी या आजाराची पहिली खूणही असते. पण दोन्हीकडून पाहिलं तरी ती विचारायलाच हवी होती. निदान ती चार वर्षं तिला बरी गेली असती.

शिबिरं भरवणाऱ्या ज्येष्ठ नागरिक संघांना आणि आरोग्य खात्याला माझी विनंती आहे. बीपीच्या टेबलावरच दोन प्रश्न विचारा : गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न, निराश वाटतं का? कशातच गोडी वाटेनाशी झाली आहे का? 'हो' म्हणणाऱ्याला डॉक्टरांकडे पाठवा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या. विचारताना लेक-सुनेला जरा बाजूला बसवा; त्यांच्यासमोर 'मी बरी आहे' हेच उत्तर येतं.

माझ्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे दोन प्रश्न मी हाताने लिहून दिले आहेत. पुढच्या वर्षी ते छापलेले असावेत.

– एक निवृत्त शिक्षिका, वाई (जि. सातारा)