ढब्बू, डॉग पार्क आणि बाबांचा उजवा खिसा

आई, बाबा,

फोनवर विषय काढला की आईचा आवाज बदलतो आणि बाबा 'हिच्याशी बोल' म्हणून फोन देऊन टाकतात, म्हणून लिहून काढतेय. दोघांनी मिळून वाचा. आणि बाबा, मधेच 'कळलं, कळलं' करत उठायचं नाही.

मोठी गोष्ट आधी. मी अजून एक वर्ष इथेच थांबतेय. परवा सही केली. आधी विचारायला हवं होतं, मान्य, पण विचारलं असतं तर तुम्ही 'आमची काळजी करू नकोस' म्हणाला असतात आणि मग मला सहीच करता आली नसती. ढब्बूला इकडे आणायचा विचार केला होता, खरंच केला होता, घरमालकाशीही बोलले होते, पण मी सकाळी जाणार ते संध्याकाळी येणार, तोवर नऊ तास तो एकटा दाराकडे बघत बसणार, आणि आता सात वर्षांचा झालाय, तुमच्या घरातला कोपरा न् कोपरा त्याचा आहे. मी स्वतःचीच समजूत घालतेय असं आईला वाटेल. थोडं आहेच तसं. सहा महिने म्हणून सोडला आणि आता वर्ष मागतेय, कुठल्या तोंडाने ते मलाच माहीत नाही.

म्हणून काही गोष्टी ठरवून टाकल्यात. सकाळचं फिरवणं तुमच्याकडे नाही. एक मुलगा येईल, सोमवारपासून, त्याचं सगळं मी बघतेय. ढब्बू अठ्ठावीस किलोचा आहे, सकाळी मांजर दिसलं की तो कोणाचा नसतो, आणि बाबांच्या गुडघ्याचं मागच्या वेळी काय झालं ते परत नको. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवती बांधायचा हार्नेस पाठवलाय, लीशची कडी छातीशी अडकवायची, मागे नाही. छातीशी असली की तो ओढायला लागला की आपोआप वळतो, ताकद लावावी लागत नाही. आई, तुझ्या बीपीच्या गोळ्यांचा डबाही त्याच पार्सलमध्ये आहे, वार लिहिलेला. वापर.

संध्याकाळचं डॉग पार्क मात्र बाबांचंच. आणि इथे मुद्द्यावर येते. तुम्ही तीन आठवडे पार्कात गेला नाहीयेत. (आईवर चिडू नका, मीच खोदून विचारलं.) ब्राउनीच्या घरच्यांशी वाजलं म्हणे. बाबा, मी त्यांना फोन केला. हो, तुम्हाला न विचारता. रागवा, पण आता झालाय.

त्या बाई अजिबात वाईट नाहीत. ब्राउनीचं पोट नाजूक आहे, व्हेटने ठरवून दिलेलंच खायचं, बाकी काही गेलं की दोन दिवस घर धूत बसायचं. तुम्ही प्रेमाने ट्रीट दिली तेव्हा त्या आदल्या रात्रीच्या जागरणावर होत्या, म्हणून आवाज चढला. 'लोकांसमोर बोलायला नको होतं' असं त्या स्वतःहून म्हणाल्या. तुमची चूक म्हणत नाहीये मी, तुमचा हात सढळ आहे हे काय मला आज कळतंय का? माझ्या मैत्रिणी घरी आल्या की तुमच्याच खिशाकडे बघायच्या.

पण बाबा, तो खिसा घरी ठेवा. खरंच. ब्राउनी खिशाला नाक लावून उभी राहिली आणि ढब्बू गुरगुरला ना, तो तिच्यावर नव्हता चिडला, 'हा खिसा माझा आहे' एवढंच सांगत होता. एरवी गरीब असलेली कुत्रीसुद्धा खाणं किंवा आवडता बॉल मधे आला की भांडतात. आणि गुरगुरल्याबद्दल त्याला ओरडू नका. ती सूचना असते. ओरडून ओरडून ती बंद केली तर उद्या तो न सांगता चावेल.

बाकी तुम्हाला माहितीये तरी सांगते. दोन गेटच्या मधे थांबायचं, मागचं नीट लागलं की लीश तिथेच काढायची आणि मगच पुढचं उघडायचं. मोकळ्या कुत्र्यांत एकटाच बांधलेला असला की बिचारा बावरतो. आत गेल्यावर दारात गर्दी करून गप्पा नकोत, चालत राहायचं, सगळी भांडणं त्या दाराशी होतात. उभं राहायचं तर कुंपणाशी, गुडघे जरा सैल ठेवून, कारण पळत सुटलेली कुत्री वळताना बघत नाहीत. त्या काळ्या कुत्र्याने तुम्हाला मुद्दाम धडक दिली नव्हती हो.

शेपूट हलतेय म्हणजे खूश, असं दरवेळी नसतं. सगळं अंग लोळल्यासारखं हलत असेल, पुढचे पाय टेकवून ढुंगण वर केलं असेल तर खेळ. शेपूट ताठ, अंग ताठ, नजर हलत नाही, तर हाक मारून दुसरीकडे घेऊन जा. कोण कोणाला पळवतंय कळेनासं झालं तर पळवणाऱ्याला क्षणभर धरायचं, पुढचा स्वतःहून परत आला तर खेळ चालू, निघून गेला तर त्याला पुरे झालंय. आणि जुंपलीच तर हात मधे घालायचा नाही! मोठ्याने ओरडा, पाणी मारा, पण गळपट्टा धरायला वाकू नका, चावे तिथेच बसतात. कोणाचाही दात लागला, अगदी आपल्या ढब्बूचा, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर. 'खरचटलंय नुसतं' मला ऐकायचं नाही. ढब्बूचं रेबीजचं बूस्टर पुढच्या महिन्यात आहे, फाईलवर मी लाल पेनाने लिहिलंय.

मी एवढी मागे का लागलेय सांगू? ढब्बूसाठी नाही फक्त. आई म्हणाली की हल्ली संध्याकाळी तुम्ही टीव्ही लावून बसता आणि बघत नाही. तुमच्या वहीचं मागचं पान मी मागच्या वेळी पाहिलं होतं: ब्राउनी, सिम्बा, लाडू, टायगर, आणि प्रत्येकापुढे मालकाच्या नावाची जागा मोकळी. मला इतकं हसू आलं होतं. तिथे तुमचंही नाव कोणाला माहीत नाही बाबा, तुम्ही 'ढब्बूचे आजोबा' आहात, आणि लाडूचे बाबा दोनदा विचारत होते म्हणे, आजोबा दिसत नाहीत.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी गेटला धरून रडत होते तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, 'मी इथेच उभा आहे, तू फक्त आत जाऊन बघून ये.' गेटच्या खालच्या फटीतून तुमचे बूट दिसत होते. मधल्या सुट्टीपर्यंत दिसत होते.

गुरुवारी सहाला ब्राउनीच्या आई येणार आहेत. मी 'बाबा येतील' सांगून टाकलंय. माफी वगैरे काही नाही, नुसतं 'काय म्हणते ब्राउनी?' एवढं विचारा. त्याही तेच करतील. आई, तू पण जा गं एखाद दिवस, बेंचवर बस, सावली असते. पाण्याची बाटली आणि ढब्बूची वाटी घरचीच न्या, तिथलं सगळ्यांचं एकत्र पाणी नको. आणि पिशव्या. बाबा, दोन न्या, एक कायम कोणाला तरी लागते.

दिवाळी-बिवाळीचं काही आत्ता बोलत नाही, सुट्टी मिळाली की आधी तुम्हालाच सांगेन. ढब्बूच्या कानामागे माझ्याकडून खाजवा, डाव्या.

तुमची,
चिमी

ता. क. आई, बाबांचं ते राखाडी जॅकेट गुरुवारच्या आधी धुवायला टाक. उजव्या खिशाचं अस्तर उलटं करून झटक, कोपऱ्यात चुरा असतोच. विचारलं तर डाग पडला होता म्हण.